डॉलर-रुपया फ्युचर्समध्ये ऑर्डर फ्लो आणि टेप वाचन: आयातदार-निर्यातदाराला याचा खरा उपयोग किती?

काजूगर (वेंगुर्ले)
7 सप्टेंबर 2025, सकाळी 10.40

गणपतीची धांदल काल संपली, घरातले चाकरमानी मुंबईला परतले आणि आता थोडी सवड मिळाली म्हणून बरेच दिवस मनात असलेला टेप वाचनाचा, म्हणजे पडद्यावरून सरकणाऱ्या ऑर्डरी आणि सौदे वाचण्याचा, हा विषय मांडतो आहे.

आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. गावची काजू बी फेब्रुवारी ते मे एवढीच मिळते आणि ती वर्षभर पुरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेतून बी मागवावी लागते. माल न्हावाशेव्याला उतरतो आणि कागदपत्रे बँकेत आली की पैसे डॉलरमध्ये भरावे लागतात. सौदा ठरल्यापासून पैसे भरेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. त्या काळात रुपया घसरला तर गराच्या भावात तो फरक काढता येत नाही, कारण गराचा बाजार आमच्या देण्याकडे बघून चालत नाही. म्हणून 2021 पासून मी डॉलर-रुपया फ्युचर्समध्ये हेजिंग करतो, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलर आजच ठरलेल्या भावाने घेण्याचा करार एक्स्चेंजवर करून धोका झाकतो. 50 हजार डॉलरचे देणे असेल तर 50 लॉट, कारण एक लॉट 1000 डॉलरचा असतो. भाव किमान पाव पैशाने, म्हणजे 0.0025 रुपयाने हलतो. पाव पैसा म्हणजे लॉटमागे अडीच रुपये आणि पूर्ण एक पैसा म्हणजे 10 रुपये, हे गणित पुढे वारंवार लागेल.

सुरुवातीला मी 50 लॉटची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने घेण्याची) एकदम टाकत असे. तेव्हा चालून जात होते, कारण जवळच्या महिन्याच्या करारात बोली आणि विक्रीच्या भावात पाव पैशाचेच अंतर असे आणि दोन्ही बाजूंना भरपूर माल लागलेला असे. मे 2024 नंतर बाजार पातळ झाला. त्यानंतरच्या एका सकाळी माझ्याच ऑर्डरने भाव पावणेदोन पैसे वर ढकलला आणि पुढच्या मिनिटात तो जिथल्या तिथे परत आला. तो भाव दुसऱ्या कोणी नव्हे, मीच वर नेला होता. त्या दिवसापासून मी पडद्यावरचे आकडे नुसते पाहणे सोडून वाचायला लागलो.

सर्वांत आधी एक गैरसमज मला स्वतःला दूर करावा लागला. ‘आज खरेदीदार जास्त आहेत’ असे आपण सहज म्हणतो, पण प्रत्येक सौद्यात जितके लॉट विकले जातात तितकेच घेतले जातात, त्यामुळे त्या वाक्याला अर्थ उरत नाही. विचारण्याचा प्रश्न असा की घाई कोणाला आहे. विक्रेता 85.5150 ला माल लावून बसला आहे आणि कोणी तरी तिथे जाऊन तो उचलतो आहे, तर घाई घेणाऱ्याला आहे. बोली 85.5125 ला उभी आहे आणि कोणी तरी खाली येऊन तिच्यात माल टाकतो आहे, तर घाई विकणाऱ्याला आहे. मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना लागून उभ्या असलेल्या ऑर्डरींच्या यादीत, दिसतो तो केवळ इरादा, आणि इरादा क्षणात मागे घेता येतो. झालेला सौदा मात्र कोणालाही मागे घेता येत नाही. टेप वाचणे म्हणजे या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहणे, असे मी समजतो.

एक प्रसंग जवळून सांगतो. या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस अवेळी येऊन ठेपला होता, आणि मला जूनच्या करारात 50 लॉट घ्यायचे होते. बोली 85.5125, विक्री 85.5150, विक्रीच्या बाजूला सुमारे 240 लॉट दिसत होते. सहा-सात मिनिटांत एकूण उलाढालीचा आकडा साधारण 1100 लॉटने वाढला आणि जवळजवळ सगळे सौदे 85.5150 लाच झाले. हिशेबाने तो 240 लॉटचा थर चार वेळा संपायला हवा होता. प्रत्यक्षात तिथला आकडा 180 वर यायचा, पुन्हा 230 व्हायचा, पुन्हा 190 आणि पुन्हा 250. भाव एकदाही 85.5175 झाला नाही. घेणारे घाईने घेत होते आणि कोणी तरी मोठा विक्रेता, आपला सगळा माल एकदम न दाखवता, त्यांना शांतपणे पुरवठा करत होता. मी थांबलो. थोड्या वेळाने घेणाऱ्यांची घाई ओसरली, विक्रीचा थर तसाच उभा राहिला, आणि बोली एकेक पायरी खाली सरकू लागली. 85.4925 च्या आसपास मी तीन भागांत लिमिट ऑर्डरने (आपण ठरवलेल्या भावाच्या ऑर्डरने) माल घेतला.

पैसे वाचले किती? सव्वादोन पैसे, म्हणजे 50 लॉटला 1125 रुपये. रक्कम मुद्दाम सांगतो आहे. टेप वाचून लाखो कमावल्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. माझ्या अनुभवात ते वाचन पैसे वाचवते, रुपया उद्या कुठे जाईल ते सांगत नाही. एकदा बोलीच्या बाजूला विकणाऱ्यांचा माल असाच शोषला जाताना मी पाहिला, आता भाव खाली जाणार नाही असे धरून संपूर्ण खरेदी एकदम केली, आणि पाऊण तासात भाव 12 पैसे खाली गेला. टेपवर त्याची चाहूलही नव्हती.

तो दुसरा प्रसंग का घडला, हे मला अजून नीट समजलेले नाही. जाणकारांनी सांगावे.

---

भाट्ये_किनारा (रत्नागिरी)
7 सप्टेंबर, दुपारी 1.15

दादा, लेख फार उपयोगी आहे. मी नोकरी सांभाळून शेअर बाजारात थोडे व्यवहार करतो. फुटप्रिंट चार्ट (प्रत्येक भावाला किती खरेदी-विक्री झाली ते दाखवणारा तक्ता) आणि क्युम्युलेटिव्ह डेल्टा (घाईच्या खरेदीतून घाईची विक्री वजा करून धरलेली चालती बेरीज) यांचा मी तीन महिने अभ्यास केला आहे. डॉलर-रुपयाचा भाव शेअरइतका उसळत नाही, त्यामुळे एक-एक लॉट घेऊन एक-दोन पैशांच्या चालीवर दिवसात अनेक सौदे करता येतील असे मला वाटते. मार्जिनही (सौद्यासाठी आधी ठेवावी लागणारी रक्कम) कमी लागते. आपले मत काय?

---

काजूगर (वेंगुर्ले)
7 सप्टेंबर, रात्री 9.05

आपण मोकळेपणाने विचारलेत म्हणून तितक्याच मोकळेपणाने सांगतो. दोन अडचणी आहेत आणि पहिली नियमाची आहे.

रिझर्व्ह बँकेने 5 जानेवारी 2024 रोजी जे निर्देश काढले, ते आधी 5 एप्रिलपासून लागू व्हायचे होते आणि मुदत वाढून 3 मे 2024 पासून लागू झाले. रुपया ज्यात आहे असा करार घ्यायचा तर त्यामागे खरे परकीय चलनातले देणे किंवा येणे असले पाहिजे. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण कागद न दाखवणे वेगळे आणि देणे-येणे मुळात नसणे वेगळे. तेच देणे बँकेच्या फॉरवर्डने (बँकेशी थेट केलेल्या पुढच्या तारखेच्या कराराने) आधी झाकलेले असेल, तर पुन्हा फ्युचर्सने झाकता येत नाही. बाजार पातळ झाला तो याच कारणाने, कारण उलाढालीचा मोठा भाग ज्यांच्यामुळे होता ते नुसते सौदे करणारे लोक बाहेर पडले. आपल्याकडे आयात-निर्यात नसेल, तर या बाजारात आपली जागा नाही, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण हिशेबाची. माझा ब्रोकर एका ऑर्डरला जास्तीत जास्त 20 रुपये घेतो. एक लॉट घेतला आणि विकला की 40 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 47 रुपये 20 पैसे झाले. एक पैशाची चाल तुम्हाला 10 रुपये देते. म्हणजे भाव पावणेपाच पैसे तुमच्या बाजूने गेल्यावर तुम्ही शून्यावर येता, आणि यात एक्स्चेंजचे शुल्क व स्टॅम्प ड्यूटी धरलेली नाही. 10 लॉटला तोच खर्च अर्ध्या पैशाच्या आत येतो. चलनाच्या करारांवर एसटीटी (शेअरच्या सौद्यांवर लागणारा कर) नाही हे खरे, पण एका लॉटच्या व्यवहाराला ब्रोकरेजच भारी पडते.

परदेशी संकेतस्थळांवर ‘फॉरेक्स’ म्हणून जे चालते, त्याकडे कृपया वळू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये अशा अनधिकृत मंचांची पहिली यादी काढली तेव्हा त्यात 34 नावे होती.

---

सप्तलिंगी_काठ (देवरुख)
8 सप्टेंबर, सकाळी 8.30

भाट्ये_किनारा यांनी डेल्टाचा उल्लेख केला आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण बाजारभावाची माहिती हाताळणारी संगणक प्रणाली लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे.

आपल्या ब्रोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्याला टेप म्हणतो, ती खरी टेप नसते. एक्स्चेंजवर होणारा प्रत्येक सौदा क्रमाने देणारी माहिती वेगळी, महाग आणि खास जोडणीची असते. घरी येते ती ठरावीक क्षणांची छायाचित्रे: शेवटचा भाव, शेवटच्या सौद्याचे लॉट, दिवसाची एकूण उलाढाल आणि दोन्ही बाजूंचे पाच थर. दोन छायाचित्रांच्या मध्ये काय घडले, ते आपल्याला फक्त बेरजेच्या रूपात कळते.

एक उदाहरण घ्या. पहिल्या चित्रात बोली 88.2000, विक्री 88.2025 आणि एकूण उलाढाल 40,000 लॉट. पुढच्या चित्रात उलाढाल 40,400 आणि शेवटचा भाव 88.2025. सॉफ्टवेअर हे चारशेच्या चारशे लॉट ‘घेणाऱ्याची घाई’ म्हणून जमा करते. प्रत्यक्षात त्यातले 350 लॉट बोलीत टाकले गेले असतील आणि शेवटचे 50 तेवढे वर उचलले गेले असतील. अशा वेळी डेल्टा अधिक 400 दाखवेल आणि सत्य उणे 300 असेल. चुकीचे मोजमाप रंगीत चौकोनात मांडले की ते बरोबर वाटू लागते, ही मला काळजीची गोष्ट वाटते.

सौदा कोणाच्या घाईने झाला हे भावावरून ठरवण्याची पद्धत चार्ल्स ली आणि मार्क रेडी या दोन अभ्यासकांनी 1991 मध्ये मांडली. सौदा बोली आणि विक्रीच्या मध्यबिंदूच्या वर झाला तर खरेदीदाराची घाई, खाली झाला तर विक्रेत्याची, आणि नेमका मध्यावर झाला तर आधीच्या भावापेक्षा तो वर आहे की खाली ते पाहायचे. ही पद्धत प्रत्येक सौदा आणि त्या क्षणाचे दोन्ही भाव हाती असतील अशा माहितीसाठी आहे. शिकागोच्या एक्स्चेंजच्या माहितीत घाई कोणाची होती हे सौद्याबरोबरच नोंदलेले असते, म्हणून तिकडच्या युरोच्या करारावर बनवलेले व्हिडिओ पाहून इकडे तसेच निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

काजूगर यांनी मात्र जे पाहिले ते या मर्यादेतही टिकते, कारण त्यांनी डेल्टावर विश्वास ठेवला नाही. भाव एकाच ठिकाणी अडलेला, एकूण उलाढाल वाढलेली आणि थर पुन्हापुन्हा भरलेला, या तीनही गोष्टी छायाचित्रांतूनही खात्रीने दिसतात. माझा सल्ला असा की घरच्या माहितीवर एवढेच वाचावे.

---

मिरकरवाड्याची (रत्नागिरी)
8 सप्टेंबर, दुपारी 3.50

काजूगर दादा डॉलर घेणारे, मी विकणारी. आमचे घरचे गोठवलेली कोळंबी आणि माकूल निर्यात करण्याचे काम आहे, आणि माल पाठवल्यावर डॉलर यायला साठ ते नव्वद दिवस लागतात. त्यामुळे मी फ्युचर्स विकून ठेवते. कोण जाणे, एखाद्या सकाळी त्यांनी घेतलेले लॉट माझेच असतील.

मला टेप वाचायला कोणी शिकवले नाही, हर्णैच्या बंदरात ती सवय लागली. आमची काही खरेदी तिथून होते. संध्याकाळी होड्यांतून माल किनाऱ्यावर आला की वाळूवरच लिलाव लागतो. नवखा माणूस सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याकडे बघतो. माझे सासरे मला सांगायचे, तोंडाकडे बघू नकोस, टोपलीकडे बघ. बोली कितीही चढली तरी टोपल्या कोणाच्या टेम्पोकडे चालल्या आहेत आणि तो माणूस पहिल्या दहा टोपल्यांनंतरही त्याच भावाने घेतो आहे की थांबला आहे, ते पाहायचे. एखादा व्यापारी पापलेटाच्या चार टोपल्या चढ्या भावाने घेऊन बाजार गरम करतो आणि स्वतःचा मुख्य माल दुसऱ्या माणसाकरवी मागून स्वस्तात उचलतो, हेही मी पाहिले आहे. डेप्थमधला मोठा आकडा अचानक दिसतो आणि भाव जवळ आला की नाहीसा होतो, तेव्हा मला त्याच व्यापाऱ्याची आठवण होते.

मात्र निर्यातदारांसाठी एक इशारा द्यायचा आहे, कारण माझ्यावर ती वेळ नुकतीच आली. अमेरिकेने आपल्या मालावरचे शुल्क 50 टक्के केले ते 27 ऑगस्टपासून, म्हणजे नेमक्या गणेश चतुर्थीच्या दिवसापासून लागू झाले. त्याआधीच एका ग्राहकाने ऑर्डर थांबवली. त्या ऑर्डरपोटी मी 40 लॉट विकून ठेवले होते. येणारे डॉलरच राहिले नाहीत म्हटल्यावर ते 40 लॉट हेजिंग राहिले नाहीत, तो उघडा सौदा झाला, आणि नियमानेही तो ठेवता येत नव्हता. मी ते त्याच दिवशी परत घेतले, आणि तोट्यात घेतले. त्या दिवशी टेप काय सांगते हे पाहत बसण्याचा मोह झाला होता. थोडे थांबले असते तर भाव खाली आला असता की वर गेला असता हा प्रश्नच गैरलागू होता, कारण मूळ कारण संपले होते. टेप फक्त कसे घ्यायचे ते ठरवते. घ्यायचे की नाही, ते हातात असलेल्या ग्राहकांच्या ऑर्डरींवरूनच ठरवावे लागते.

---

हेदवीचा_डीलर (गुहागर)
9 सप्टेंबर, सकाळी 11.10

मी एका बँकेच्या मुंबईतील डीलिंग रूममध्ये पंचवीस वर्षे काम करून आता गावी राहतो. 29 ऑगस्ट 2008 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपया फ्युचर्स सुरू झाले तेव्हा मी टेबलावर होतो. शिकागोत चलनाचे वायदे 16 मे 1972 ला सुरू झाले होते. आपल्याकडे ते यायला 36 वर्षे लागली. त्याआधी आमची टेप कानाने वाचली जायची. दलालांचे भाव स्पीकरवर सतत येत असत, आणि अनुभवी डीलर आकड्यापेक्षा दलालाच्या आवाजातली घाई ऐकत असे.

काजूगर यांच्या 12 पैशांच्या प्रश्नाचे उत्तर असे की आपण पाहता ती टेप धाकट्या बाजाराची आहे. रुपयाचा मुख्य भाव बँकांच्या आपसातल्या बाजारात ठरतो, आणि फ्युचर्सचा भाव म्हणजे तो स्पॉट (आत्ताच्या व्यवहाराचा) भाव अधिक पुढच्या तारखेसाठीचा जादा भाव, म्हणजे प्रीमियम. वार्षिक प्रीमियम 2 टक्के धरला तर 88 च्या भावाला महिन्याला सुमारे साडेचौदा पैसे होतात. दोन्हींमधले अंतर वाढले की बँका आणि मोठ्या संस्था लगेच एकीकडे घेऊन दुसरीकडे विकतात. त्यामुळे फ्युचर्समधला दीडशे-दोनशे लॉटचा थर हे पुष्कळदा कोणाचे मत नसून स्पॉटला बांधलेल्या यंत्राची ऑर्डर असते. स्पॉट हलला की ती सौदा न करताच उठते आणि दुसरीकडे जाऊन बसते. आपण ज्याला आधार समजलात, तो असाच उठून गेला असणार.

आणि स्पॉट कोण हलवते? रिझर्व्ह बँक बाजारात उतरते तेव्हा स्वतःच्या नावाने ओरडत नाही, सरकारी बँकांच्या मार्फत डॉलर विकते किंवा घेते. त्याची पहिली खूण फ्युचर्सच्या डेप्थमध्ये सौद्यांनी दिसत नाही, रिकामेपणाने दिसते: बोलीच्या बाजूचे पाचही थर एकाच वेळी पातळ होतात आणि दोन भावांतले अंतर पाव पैशावरून एक-दीड पैशावर जाते. या वर्षी 10 फेब्रुवारीला रुपया 88 ला टेकायला आला होता आणि 11 तारखेला 87 च्या आत बंद झाला. एका दिवसात रुपयाहून अधिक. अशा दिवशी टेपवर विसंबून मध्ये उभे राहू नये. आयातदाराने अंतर पूर्ववत होईपर्यंत हात आवरावा आणि मग आपल्या देण्यापुरते घ्यावे.

वेळेचेही भान हवे. सकाळी 9 वाजता बाजार उघडतो तेव्हा सिंगापूर, लंडन, दुबईत रात्रभर झालेल्या व्यवहारांचा परिणाम पहिल्या काही मिनिटांत भावात उतरतो. त्या सौद्यांतली घाई जुनी असते, तिच्यावरून दिवसाचा अंदाज बांधू नये. साडेअकरा ते साडेबारा हा तास सर्वांत फसवा. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था जुलै 2018 पासून संदर्भ दर काढते, आणि तो या तासातल्या कोणत्या तरी 15 मिनिटांतल्या बँकांच्या प्रत्यक्ष सौद्यांवरून निघतो. कोणती 15 मिनिटे ते आधी कोणालाच ठाऊक नसते. ज्यांना संदर्भ दरानेच डॉलर हवे असतात त्यांच्यासाठी बँका या तासात थोडे थोडे घेत राहतात. टेपवर सलग खरेदी दिसते, पण भाव वाढेल असे त्या खरेदीदाराचे मत नसते. त्याला तो दर गाठायचा असतो, इतकेच. तास संपला की ती खरेदी नळ बंद केल्यासारखी थांबते. एक्स्पायरीच्या दिवशी तर आपला करारच साडेबाराला संपतो आणि त्याच दराने हिशेब होतो, म्हणून त्या सकाळची टेप वाचूच नये असे माझे मत आहे. दुपारी साडेतीनला बँकांचा बाजार मिटतो आणि फ्युचर्स पाच वाजेपर्यंत चालतात. त्या दीड तासात मोठ्या भावाचा पाठिंबा नसलेला बाजार असतो आणि 50 लॉटनेही तो हलतो.

दिसणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या ऑर्डरबद्दल ताईंनी लिहिले ते अगदी बरोबर आहे. लंडनमधल्या आपल्या घरातून शिकागोच्या वायद्यांत अशा खोट्या ऑर्डर लावणाऱ्या नविंदर सराओ याने 2016 मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. डेप्थ पाहून निर्णय घेणारे लोक असतात म्हणूनच डेप्थ सजवणारे निर्माण होतात.

---

भाट्ये_किनारा (रत्नागिरी)
9 सप्टेंबर, रात्री 10.20

काका, दादा, ताई, सर्वांचे मनापासून आभार. 47 रुपये 20 पैशांचा हिशेब मी कागदावर पुन्हा मांडून पाहिला आणि माझा बेत सोडून दिला आहे. माझे मामा आखाती देशांत हापूस पाठवतात. त्यांचे येणे खरे आहे आणि आजवर त्यांनी हेजिंग कधी केलेले नाही. पुढच्या हंगामासाठी त्यांच्याबरोबर बसून हा विचार करायचा आहे. एक शंका आहे: पावसाळ्यात आमच्याकडे लाईट आणि नेट दोन्ही जातात. सौदा अर्धवट असताना असे झाले तर काय करता?

---

काजूगर (वेंगुर्ले)
10 सप्टेंबर, सकाळी 7.45

काका, आपण उत्तर दिलेत आणि दीड वर्षाचे कोडे सुटले. आता मी पडद्यावर स्पॉटचा भाव शेजारी ठेवतो आणि दोन्हींतला फरक वहीत लिहितो.

लाईटबद्दल: 2020 मधल्या निसर्ग आणि 2021 मधल्या तौक्ते वादळानंतर आम्ही यातून धडा घेतला. लिमिट ऑर्डर एक्स्चेंजकडे पोहोचली की ती तिथे उभी राहते, तुमचा संगणक चालू असो वा बंद. त्यामुळे नेट जाण्याने ऑर्डर जात नाही. जाते ते तुमचे लक्ष. म्हणून मी एका वेळी पंधरा-वीस लॉटहून अधिक ऑर्डर उभी ठेवत नाही, म्हणजे नेट येईपर्यंत ती पूर्ण झाली तरी माझ्या देण्याच्या आतच राहते. ब्रोकरच्या फोनवरून ऑर्डर देण्याचा क्रमांक कारखान्यात भिंतीवर लिहिलेला आहे, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जवळ असतात. मामांचे येणे आखातातले असेल तर बिल डॉलरमध्ये आहे की दिऱ्हॅममध्ये ते आधी पाहा. दिऱ्हॅम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे जोखीम जवळपास तीच, पण रकमेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

---

मिरकरवाड्याची (रत्नागिरी)
10 सप्टेंबर, दुपारी 12.55

हेदवीच्या काकांना एक विचारायचे होते. माल उशिरा गेला की मला करार पुढच्या महिन्यात न्यावा लागतो. सप्टेंबरचा करार 26 तारखेला संपतो आहे. तेव्हा आधी एक पाय, म्हणजे जुना करार, सोडवून मग दुसरा धरावा की दोन्ही एकदम?

---

हेदवीचा_डीलर (गुहागर)
10 सप्टेंबर, सायंकाळी 6.30

दोन्ही एकदम, स्प्रेड ऑर्डरने, म्हणजे दोन महिन्यांच्या करारांच्या भावांतल्या फरकावर लावलेल्या एकाच ऑर्डरने. वेगवेगळे करायला गेलात आणि एका बाजूची ऑर्डर झाल्यावर स्पॉट हलला, तर टेप वाचून वाचवलेले वर्षभराचे पैसे एका मिनिटात जातात. त्या फरकाचीही स्वतःची बोली आणि विक्री असते आणि तीही वाचता येते. ती फार संथ असते, म्हणून नवशिक्यांनी वाचनाचा सराव तिथूनच करावा असे मी सुचवीन. शेवटचे दोन दिवस टाळा. त्या वेळी सर्वांनाच करार पुढे न्यायचा असतो.

---

काजूगर (वेंगुर्ले)
27 सप्टेंबर, सकाळी 9.15

माझेही एक जहाज लांबले, त्यामुळे 30 लॉट सप्टेंबरमधून ऑक्टोबरमध्ये न्यावे लागले. काकांच्या सांगण्याप्रमाणे चार दिवस आधीच स्प्रेड पाहायला बसलो. बोली 17.00 पैसे, विक्री 17.75. पहिल्या तासात 17.75 ला अधूनमधून दोन-पाच लॉट उचलले जात होते आणि तिथला थर भरला जात होता, म्हणजे मे महिन्यात पाहिले तेच चित्र, फक्त फार सावकाश. मी 17.25 ला 15 लॉटची ऑर्डर लावून कारखान्यात गेलो. अकराच्या सुमारास ती पूर्ण झाली, मग उरलेले 15 लॉट लावले आणि तेही साडेअकराच्या आत झाले. अर्धा पैसा वाचला, म्हणजे 30 लॉटला 150 रुपये. त्याच आठवड्यात रुपयाने नवा नीचांक पाहिला आणि टेपवर दिवसभर घाईचे सौदे पडत होते, पण माझे देणे आधीच झाकलेले असल्याने मला त्यात काही करायचे नव्हते.

कागद आता 14 ऑक्टोबरच्या सुमारास बँकेत येतील असे एजंटने कळवले आहे. त्या दिवशी सकाळी 9 पासून साडेअकरापर्यंतचा स्पॉट, फ्युचर्स आणि दोन्हींतला फरक दर पाच मिनिटांनी वहीत उतरवून इथे देईन. सप्तलिंगी_काठ यांनी तो त्यांच्याकडच्या नोंदींशी ताडून पाहिला, तर माझ्या डोळ्यांनी काय सुटले ते कळेल.